पान वाढलंय

हुसूम, ९ फेब्रुवारी १९६४

प्रिय मोहन,

बोटीवरून पत्र टाकशील असं वाटलं होतं. एडनहून आलं नाही, मुंबईहूनही नाही. रत्नागिरीच्या कॉलेजात रुजू झालास हे मला म्युनिकच्या दिनकरकडून कळलं. बरं झालं. तिथे समुद्र आहे.

भांडण पुढे चालवायला लिहीत नाही. तुला बोलायचं ते तू इथल्या फलाटावर बोललास. "कोणी मान हलवायला सांगितली की तू हलवतोस, श्रीनाथ. काय विचारलं होतं ते तुला नंतर कळतं." आणि हे गाडी सुटताना बोललास, म्हणजे मला उत्तर देता येऊ नये. तेव्हापासून मी ते उत्तर तयार करतो आहे.

ठकी बरी आहे. हे आधी लिहायला हवं होतं.

तू गेल्यावर ती खाईना. केंद्राचं वरकाम बघणाऱ्या आपल्या फ्राउ कार्स्टेन्सबाई सकाळी तलावावर माशांची बादली घेऊन जायच्या आणि तशीच परत आणायच्या. "तुमचा तो दुसरा भारतीय गेला, आता सीलही बोटीचं तिकीट मागते आहे," असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. प्रोफेसरांनी फितीवरचा तुझा आवाज लावून पाहिला. ठकीने कर्ण्याकडे एकदा पाहिलं आणि ती तळाशी गेली. मग प्रोफेसर मला म्हणाले, "तुम्ही त्याच भाषेचे ना?"

तुझा हेल मला जमतो. इतकी वर्षं एका खोलीत राहिल्यावर जमतोच. ये, थांब, पुरे. तिसऱ्या दिवशी ती आली. मासा मी अजून चिमट्यानेच देतो. "ती चिमट्यालाच आई समजेल रे भटा," असं तू म्हणायचास. तसं झालेलं नाही.

मी फक्त खाऊ घालतो. चाचण्या घेणं माझं काम नाही, माझं काम यंत्रांचं. अर्थात तलावाशी बसलेलोच असतो, तेव्हा बटणही मीच फिरवतो.

प्रोफेसरांच्या कागदांत ती 'जनावर दोन' आहे. वाळूच्या पट्टीवर आईवाचून ओरडणारं पिल्लू तू कोटात गुंडाळून आणलंस, आणि तुझ्या बहिणीच्या लाकडी बाहुलीसारखं डोकं म्हणून ठकी नाव ठेवलंस, यातलं तिथे काही नाही.

वसंतात तिला त्याच पट्टीवर सोडायचं, असा मी तुला शब्द दिला आहे. लक्षात आहे.

श्रीनाथ


हुसूम, २२ मार्च १९६४

प्रिय मोहन,

तुझं कार्ड मिळालं. 'ठकी कशी आहे?' एवढंच. वर माझं नाव नाही, खाली तुझी सही नाही. तरी मी ते खिडकीत लावून ठेवलं आहे.

ती कशी आहे ते सांगतो. पाण्याखाली सूर सोडतो. ऐकू आला तर ती नाकाने लाकडी फळी ढकलते आणि मासा घेते. सूर चढवत नेतो, हळू करत नेतो. तुझ्यामाझ्या कानाला जिथे काहीच उरत नाही, त्याच्या पुष्कळ वर ती फळी ढकलते आहे. प्रोफेसर आकडे पाहून चष्मा काढतात आणि परत घालतात. माझ्या प्रबंधात आजवर नुसती यंत्रं होती, आता त्यात ठकी आली आहे.

नौदलाच्या तळावरचे एक अधिकारी येतात, फोल्कर्ट्स. गणवेश घालत नाहीत, त्यामुळे तो जास्तच दिसतो. तू ज्यावरून गेलास ते हेच, मला कळतं. पण तू पूर्ण ऐकून घेतलं नाहीस. सरावाचे टॉर्पेडो गाळात रुततात आणि सापडत नाहीत. त्यांत बारीक आवाज करणारी डबी बसवायची आणि सीलने तो आवाज ऐकून जागा दाखवायची. यात मारणं नाही. हरवलेलं शोधायचं आहे, एवढंच.

मी तुझ्यासारखं विचारलंसुद्धा. म्हणालो, "आणि सापडल्यावर?"

"सापडल्यावर परत वापरायचं, हेर डॉक्टर."

नुसतं 'हेर', श्रीयुत, पुरे; मी अजून डॉक्टर झालेलो नाही, असं मी त्यांना सांगितलं. तेवढंच सांगितलं.

तुझा नियम पाळतो. चाचणीला घंटा आणि हात. जेवणाची हाक वेगळी, ती कामात मिसळायची नाही. संध्याकाळी यंत्रं बंद केली की तलावाच्या काठावर उभा राहतो आणि म्हणतो, "ठके, पान वाढलंय गं." ती कुठेही असली तरी येते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, नाही का? तू केंद्राच्या स्वयंपाकघरातून भाताचं पातेलं उतरवून मला हाक मारायचास, "श्रीनाथ, पान वाढलंय रे!" आणि मग तिची बादली घेऊन बाहेर जायचास. ती माझी हाक होती. ऐकून ऐकून तिने ती स्वतःची केली.

तेव्हा तू मला बजावलं होतंस, "भरल्या ताटावरून उठवायचं नाही आणि रिकाम्या ताटावर बोलवायचं नाही. माणसाला नाही, हिला तर नाहीच." मी हसलो होतो. प्रयोगशाळेत कसली आलीत ताटं, असं काहीतरी म्हणालो होतो.

सोडणं जूनवर गेलं आहे. आकडे पूर्ण होऊ देत. तिला तोवर जिवंत मासे पकडायची सवयही करतो आहे, म्हणजे पुढे उपासमार नको.

श्रीनाथ


हुसूम, १७ मे १९६४

प्रिय मोहन,

दिनकरने लिहिलं की तुझं लग्न झालं. वहिनींचं नाव स्नेहलता, हेही त्यानेच लिहिलं. तुम्हा दोघांना माझ्या शुभेच्छा.

ठकी बरी आहे. इथे वारा फार आहे. सविस्तर मागाहून लिहीन.

श्रीनाथ


हुसूम, १४ जून १९६४

प्रिय मोहन,

मागच्या पत्रात ठकी बरी आहे असं लिहिलं. ते लिहिलं तेव्हा ती तळाशी पडून होती. श्वासापुरती वर यायची आणि परत खाली जायची.

मेच्या सुरुवातीला बाहेर खाडीत एक चाचणी झाली. फोल्कर्ट्स यांना पाहायचं होतं की जवळ स्फोट झाला तर जनावर जागा सोडतं की नाही. स्फोट लहान होता. अंतर मी काढून दिलं. माझं गणित बरोबर आहे, मी ते नंतरही तपासलं. ते माणसाच्या कानाचं गणित होतं. सीलच्या कानाचं गणित कोणाकडेच नव्हतं. ते करण्यासाठीच मी इथे होतो.

तराफ्याला फळी बांधली होती. ठकी तराफ्यापाशी आली, तिने डोकं पाण्याखाली घातलं आणि स्फोट झाला.

आता ती कोणत्याच सुराला फळी ढकलत नाही. वरच्या नाही, खालच्याही नाही. मी रोज बसतो, बटण शेवटपर्यंत फिरवतो. फळी हलत नाही. जे सूर फक्त तिला ऐकू येत होते ते आता कोणालाच ऐकू येत नाहीत.

प्रोफेसर तेव्हा हळहळले. काल म्हणाले, "दुर्दैवी. पण महत्त्वाचं. आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच जनावराचे आहेत. असे कोणाकडेही नाहीत." माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण हे व्हावं असं त्यांना वाटतं.

मी मान हलवली. तू म्हणशील ते मला ठाऊक आहे.

मोहन, ठकी बहिरी झाली आहे.

श्रीनाथ


हुसूम, ५ जुलै १९६४

प्रिय मोहन,

तुझं कार्ड आलं. शिव्या असतील म्हणून ते फ्राउ कार्स्टेन्स यांच्या समोर वाचायला नको, असं वाटलं. त्यांना मराठी येत नाही हे विसरलो. शिव्या नव्हत्या.

'ती आपणहून तिथे जाणार नाही. कशी गेली?'

मी लिहिलं होतं, तराफ्यापाशी आली. तू जनावरांचा माणूस, तुला त्या एका शब्दावर थांबता आलं.

झालं ते असं. आधी एक बार लांबवर उडवला, नुसता अंदाज घ्यायला. त्यानंतर ठकी तराफ्याकडे जाईना. मी घंटा वाजवली. हात दाखवला. तिने पाण्याबाहेर डोकं काढलं आणि आमच्याकडे बघत राहिली. मिशांवरून पाणी गळत होतं.

फोल्कर्ट्स म्हणाले, "हे जनावर शिकवलेलं आहे की नाही?"

"आहे," प्रोफेसर म्हणाले.

"मग ऐकत का नाही?"

"ऐकतं आहे. म्हणूनच येत नाही," मी म्हणालो.

फोल्कर्ट्स हसले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "बरं तर, हेर श्रीनाथ, तुमच्याकडे जेवणाची एक हाक आहे म्हणतात. त्या हाकेला हे जनावर कधी नाही म्हणत नाही."

मी प्रोफेसरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. कोणी हुकूम केला नाही. कोणी धमकी दिली नाही. ते दोघे थंडीत उभे होते, होडीवाला घड्याळ बघत होता, आणि सगळ्यांना माझ्यामुळे खोळंबा होत होता. मला त्याची लाज वाटली. हे तुला समजावून सांगता येईल असं मला वाटत नाही. त्या क्षणी मला लाज वाटली ती खोळंब्याची.

मी तराफ्यावर उतरलो आणि म्हणालो, "ठके, पान वाढलंय गं."

ती सरळ आली. वाटेत थांबली नाही. माझ्या पायाशी येऊन तिने वर पाहिलं. मासे होडीतच राहिले होते. माझ्या हातात काही नव्हतं. मग तिने डोकं खाली घातलं, फळीपाशी शोधायला. तोवर मला होडीत ओढून घेतलं, होडी मागे सरली आणि फोल्कर्ट्स यांनी हात खाली केला.

तू विचारलंस, कशी गेली. माझ्या हाकेने गेली. हाक तुझी होती.

श्रीनाथ


हुसूम, २ ऑगस्ट १९६४

प्रिय मोहन,

तुझ्याकडून काही आलं नाही. त्यात गैर काही नाही. पण हे तुला कळायला हवं.

मंगळवारी मी वर खोलीत होतो. खाली अंगणात फ्राउ कार्स्टेन्स बादली घेऊन चालल्या होत्या आणि एक कुरव पक्षी मासा पळवायला त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत होता. त्या त्याला त्यांच्या बोलीत शिव्या देत होत्या. बादलीचं झाकण फरशीवर पडलं. मधे भिंत आहे, तलावातून अंगण दिसत नाही. ठकी पलीकडच्या कोपऱ्यात होती. झाकण वाजलं तशी ती वळली आणि भिंतीच्या कडेला येऊन वाट बघत राहिली.

मी खाली गेलो. विचारलं, "ही तुमच्याकडे अशी येते?"

"हो तर, रोज येते. का?"

"ती बहिरी आहे, फ्राउ कार्स्टेन्स."

"बहिरी?" त्या हसायला लागल्या. "माझा नवरा असाच बहिरा होता. मी बोलले की."

मला विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी त्यांना मासे देऊन काठावर उभं केलं आणि मी यंत्रांच्या खोलीत दार लावून बसलो, तिला दिसणार नाही असा. सूर सोडला. बारीक, वरचा, मार्चमधला. दाराच्या भोकातून पाहत होतो. फळी हलली. मग आणखी वरचा. फळी हलली. तिचं काहीही गेलेलं नाही. कान जसे होते तसे आहेत. इतके दिवस मी समोर बसत होतो म्हणून ती काम करत नव्हती.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी दार किंचित उघडलं आणि आतूनच, हळू, तुझ्या हेलात हाक मारली.

मोहन, ती पाण्याखाली गेली आणि तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून राहिली. फ्राउ कार्स्टेन्स यांच्या हातात मासा होता. तरी आली नाही.

म्हणजे तिने सगळं ऐकलं. मेपासून मी रोज संध्याकाळी हाक मारत होतो, ती प्रत्येक हाक.

आता अडचण ही. हे मी सांगितलं तर पुढच्या महिन्यात परत खाडी, परत तराफा. मोठा स्फोट घ्यायचा आहे, हे फोल्कर्ट्स यांनी आधीच सांगून ठेवलं आहे. नाही सांगितलं तर बहिरं जनावर त्यांच्या कामाचं नाही आणि प्रोफेसर ते सोडून द्यायला तयार आहेत. पण मग बहिरेपणाचं ते प्रकरण माझ्या नावावर राहील आणि ते खोटं असेल. पुढे कोणीतरी त्यावर विसंबून दुसऱ्या एखाद्या सीलजवळ अंतर मोजेल.

काय करू, असं तुला विचारणार होतो. लिहिताना लक्षात आलं की हे पत्र पोचून उत्तर येईपर्यंत परत कोणीतरी माझ्याकडे बघत उभं असेल. म्हणून विचारत नाही.

श्रीनाथ


हुसूम, ६ सप्टेंबर १९६४

प्रिय मोहन,

ठकी गेली.

फोल्कर्ट्स यांनी विचारलं, "नक्की बहिरी आहे?" मी म्हणालो, "नक्की." त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाले, "वाईट वाटतं. हुशार होती." मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मी न डळमळता बोललो, आणि ते खोटं होतं.

तू तिला उचललंस तीच वाळूची पट्टी. प्रोफेसर, फोल्कर्ट्स, फ्राउ कार्स्टेन्स आणि मी. ओहोटी होती. लांबवर आणखी सील पडलेले दिसत होते. पेटीचं दार उघडलं तर ती बाहेरच येईना. फ्राउ कार्स्टेन्स यांनी पेटीला मागून पाय लावला आणि म्हणाल्या, "चल गं मुली, भाडं वाढतंय." मग निघाली. पोटावर सरकत, थांबत, वाळूवर पट्टा ओढत. पाण्याच्या कडेला जाऊन थांबली, आमच्याकडे पाठ करून.

"एकदा हाक मारा की," फ्राउ कार्स्टेन्स मला म्हणाल्या. "निरोपाची."

फोल्कर्ट्स शेजारी उभे होते. तिने मान वळवली असती तर सगळं उघड झालं असतं. म्हणून मी गप्प राहिलो. तुला असंच लिहायचं ठरवलं होतं. पण खरं कारण ते आहे की नाही, मला ठाऊक नाही. तिने मान वळवली नसती, तर तेही मी पाहिलं असतं.

ती पाण्यात शिरली. डोकं एकदा दिसलं, बाहुलीसारखं. मग लाटा.

परीक्षा मागच्या आठवड्यात झाली. उत्तम गुणांनी पास केलं. शेवटच्या प्रकरणाची सगळ्यांनी स्तुती केली. डेन्मार्कहून एका माणसाने त्याची प्रत मागवली आहे.

ते ऐकल्यावर मी प्रोफेसरांच्या खोलीत गेलो. ठकी होती तोवर ते खोटं तिच्यासाठी होतं. ती गेल्यावर ते कोणासाठी आहे, एवढं मला कळतं. मी त्यांना सगळं सांगितलं. झाकण, फळी, दाराचं भोक. ते शांतपणे ऐकत होते.

"हे तुम्ही कधी पाहिलंत?"

"जुलैअखेर."

"आणि ऑगस्टमध्ये सही केलीत."

"हो."

"आता ते जनावर कुठे आहे?"

मी खिडकीकडे पाहिलं. तिथून समुद्र दिसतो.

"असं तर," ते म्हणाले. "मग परत तपासायचं कशावर? फ्राउ कार्स्टेन्स यांची बादली हे उपकरण नाही, हेर डॉक्टर." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही थकला आहात. घरी जा. किती वर्षं झाली तुम्हाला घरी जाऊन?"

मी निदान मान हलवली नाही. पण प्रकरण आहे तिथेच आहे. त्या डॅनिश माणसाला मी वेगळं लिहिलं आहे. तो विश्वास ठेवील की नाही, सांगता येत नाही. ज्याने आधी सही केली आणि मग नाही म्हटलं, त्याच्यावर मी तरी ठेवला नसता.

तुझं पत्र काल आलं. मला वाटलं होतं ठकीबद्दल असेल. तू लिहिलंस, बोटीने येणार असशील तर मुंबईहून सरळ रत्नागिरीला ये, आधी घरी जेवायला ये, बाकीचं नंतर बोलू. खाली सही आहे. किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

ऑक्टोबरच्या बोटीचं पाहतो आहे. येईन. पाकिटावर डॉक्टर लिहू नकोस.

एक मागणं आहे. वहिनींना कारण सांगू नकोस, नुसतं एवढं सांग. मी आलो की मला जेवायला बोलावताना नावाने हाक मारा म्हणावं, नाहीतर आत येऊन खूण केली तरी चालेल. पान वाढलंय, असं म्हणू नका.

श्रीनाथ